आनंदाचा पुरावा : ‘अभंगांजली’ आणि ‘स्मृतिचित्रे’

धर्मांतराने मनुष्यास सुख लाभते काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वादाच्या आवेशात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याजवळ त्याचे उत्तर आधीच तयार असते. मिशनऱ्यांच्या जुन्या पुस्तिका वाचाव्या तर नवख्रिस्ती मनुष्याइतका सुखी प्राणी पृथ्वीतलावर दुसरा नाही असे वाटावे. त्यांना दिलेली प्रत्युत्तरे वाचावी तर त्याच्याइतका फसलेला दुसरा कोणी नाही असे वाटावे. दोन्ही पक्षांस त्या मनुष्याच्या घरात डोकावण्याची गरज भासत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकास मात्र डोकावल्याविना गत्यंतर नसते. कारण त्याच्यापुढे सिद्धान्त नसून ग्रंथ असतो, आणि चांगल्या ग्रंथात मनुष्य आपल्या घराची दारे उघडी टाकून बसलेला असतो.

आमच्या नाशिकच्या घरी दुपारची आवराआवर झाली की पुस्तक मोठ्याने वाचण्याचा प्रघात होता. आई वाची आणि आजी वाती वळीत ऐके. ‘स्मृतिचित्रे’ चालू असता आजीच्या डोळ्यांतून हसण्याने पाणी येई. आणि ही आजी अशी की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत परक्याचे पाऊल पडले तर चूल सारवून काढणारी. एके दिवशी हसता हसता ती थांबली व म्हणाली, “अगं, एवढं सगळं सोसून ही बाई हसते तरी कशी?” आईने पान उलटले, उत्तर दिले नाही. त्या वेळी आम्हांस तो प्रश्न नुसता कौतुकाचा वाटला होता. पुढे टिळक दांपत्याचे वाङ्मय पुनःपुन्हा वाचताना ध्यानात आले की त्या ग्रंथाविषयी विचारण्याजोगा खरा प्रश्न तोच आहे, आणि टीकाकारांनी तो बहुधा बाजूला ठेवला आहे. लक्ष्मीबाईंच्या विनोदाची स्तुती सर्वांनी केली. त्यांच्या साध्या बोलीची केली. तो विनोद कोणत्या मातीत उगवला याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. धर्माचा विषय निघाला की आपले सुशिक्षित वाचक संकोचतात, हे त्याचे एक कारण असावे.

कथानक परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. आई गेल्यावर घर सोडून ते नाशिकास आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची पत्नी. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीस आधी सांगितले नाही. त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई मुलासह नातेवाइकांच्या आश्रयास होत्या. मग त्या अहमदनगरास पतीकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनीही तोच धर्म स्वीकारला. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी त्यानंतर कित्येक वर्षांनी लिहिल्या. त्या १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाल्या, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिकासच त्यांचे निधन झाले.

आता आनंदाविषयी. टिळकांच्या ‘अभंगांजली’त तो शब्द आणि त्याचे सगेसोयरे पानोपानी भेटतात. ख्रिस्त हा गुरू, ख्रिस्त ही माउली, कवी हा ‘दास’. दास लेकराप्रमाणे आईस बिलगतो, रुसतो, पुन्हा बिलगतो, आणि अखेरीस दोघांत अंतर उरत नाही. ही सर्व सामग्री वारकरी संतांकडून आलेली आहे, हे निराळे सांगावयास नको. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे टिळकांचे सांगणे प्रसिद्धच आहे. या उसनवारीस कित्येकांनी दोष दिला; आम्हांस तो दोष वाटत नाही. ज्याच्या जिभेवर लहानपणापासून अभंग खेळला त्याने आपला हर्ष इंग्रजी स्तोत्रांच्या चालीत सांगितला असता तर तो हर्षच परका झाला असता. आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त टिळकांची पदे गायिली जातात, ती ऐकताना हे कोणाच्याही प्रत्ययास येईल.

परंतु स्तुती येथे थांबवावी लागते. ‘अभंगांजली’ एका बैठकीत वाचणाऱ्या वाचकास सुमारे तिसाव्या-चाळिसाव्या अभंगापाशी थोडा शीण येतो, आणि या शिणाचे कारण कवीच्या भक्तीत नसून त्याच्या पद्धतीत आहे. तुकोबांच्या गाथेत आनंदाचे अभंग आहेत ते दुष्काळाच्या, दिवाळखोरीच्या, घरातल्या भांडणाच्या, देवाशी केलेल्या कडाक्याच्या तंट्याच्या अभंगांमध्ये पेरलेले आहेत. म्हणून तेथे आनंद भेटला की तो कमावलेला वाटतो. टिळकांनी तंट्याचा भाग बराचसा वगळला. बाहेर काय जळत होते ते अभंगात फारसे येत नाही. ‘केवढे हे क्रौर्य’ लिहिणारा, घायाळ पाखराच्या वेदनेने व्याकूळ होणारा कवी ‘अभंगांजली’त दुःखाची ओळख विसरला आहे की काय, असे क्षणभर वाटते. तो विसरला नव्हता. त्याने ते दुःख दाराबाहेर ठेवले होते. पुस्तकापुरते बोलावयाचे तर आनंदाचे विधान ‘अभंगांजली’त आहे, त्याचा पुरावा तेथे अपुरा पडतो. जो मनुष्य मला आनंद झाला असे शंभर वेळा सांगतो त्याच्यावर अविश्वास दाखवू नये. पण त्याच्या घरच्या माणसांस विचारावे.

घरचे माणूस म्हणजे लक्ष्मीबाई. त्यांस विचारण्यापूर्वी दुसऱ्या दोन साक्षी थोडक्यात तपासून पाहणे इष्ट होईल, म्हणजे त्यांच्या साक्षीचे वैशिष्ट्य कळेल. १८५४ साली बेळगावी ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्रास ‘अरुणोदय’ हे नाव दिले. नावातच मांडणी आहे : आधीची रात्र, नंतरची पहाट. बाबांचे गद्य जुन्या मराठीचा उत्तम नमुना आहे, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पहाट उजळ दिसावी म्हणून रात्र काळी असणे त्यांस आवश्यक होते. पाश्चात्त्यांतही हीच रूढी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टिनने आपल्या पूर्वायुष्याची कबुली लिहिली तेव्हा पोरवयात केलेली पेरूसारख्या फळांची एक क्षुल्लक चोरीही त्याने भीषण पापाच्या पातळीवर नेली. पंडिता रमाबाईंची साक्ष याहून वेगळी व अधिक खोल आहे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही कित्येक वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या १९०७ च्या आपल्या निवेदनात कबूल करतात. आणि जो ठेवा शेवटी हाती लागला त्यास त्या अक्षय म्हणतात. दुष्काळात आईबाप गमावलेल्या, पुढे भाऊ आणि पती गमावलेल्या त्या स्त्रीने वापरलेल्या ‘अक्षय’ या शब्दास वजन आहे. तरी पण रमाबाईही मागे वळून जुन्या घराकडे पाहतात तेव्हा त्यांच्या दृष्टीत न्यायाधीश असतो. लढणाऱ्या स्त्रीस तो अधिकार होता.

‘स्मृतिचित्रां’त न्यायाधीश नाही. या एका गोष्टीसाठी तो ग्रंथ सर्व धर्मांतरकथांत निराळा पडतो, आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तरही आम्हांस येथेच सापडते असे वाटते.

ग्रंथाच्या आरंभीचे जलालपूरचे घर पाहावे. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. हे सोवळे साधे नव्हे. बाजारातून आलेल्या जिनसेवर कोणाचा हात पडला असेल, वाटेत कोणाची सावली पडली असेल, या भयाने सारे घर पाण्यात बुडालेले असे; लेकीबाळींच्या हालांस सीमा नव्हती. आता हे प्रकरण एखाद्या आवेशी नवख्रिस्ती लेखकाच्या हाती पडले असते तर हिंदुधर्माच्या विपरीत परिणामांचा तो एक ठसठशीत दाखला ठरला असता. आणि दाखला खोटा होता असेही नाही. पण लक्ष्मीबाई तो दाखला म्हणून वापरीतच नाहीत. त्या वडिलांच्या वेडावर पोट धरून हसतात, त्यांच्या भीतीचे मूळ सांगतात, आईचे आणि मुलांचे हाल लपवीत नाहीत; आणि इतके करूनही वडील वाचकाच्या मनातून उतरत नाहीत. फाशीच्या दोराने घाबरलेला एक मनुष्य पाण्याने स्वतःस वाचवू पाहतो आहे, एवढेच आपणांस दिसते. लिहिणारी स्त्री त्या वेळी पासष्टीच्या उंबरठ्यावर होती, ख्रिस्ती होऊन तिला तीन तपे होत आली होती, आणि तिला आपल्या बापास हरवण्याची यत्किंचित गरज उरलेली नव्हती.

धर्मांतरानंतरच्या पाच वर्षांचेही तसेच. पतीच्या बातमीने लक्ष्मीबाई शोकाने वेड्या झाल्या. बहिणीने व तिचे यजमान पेंडसे यांनी त्यांस सांभाळले. पंढरपूरच्या मुक्कामात त्यांचे दिवस गेले. सांभाळणारी ही माणसे कर्मठ होती. त्यांनी तिला परत पतीकडे जाऊ नये म्हणून शर्थ केली. कोणत्याही बोधप्रद कथेत ती अडथळा म्हणून आली असती. येथे ती उपकारकर्ती म्हणून येतात, आणि त्यांच्या हट्टासह येतात. टिळकही देवदूत म्हणून येत नाहीत. ते तापट होते, हातात आलेला पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, घरी काय शिजणार याची त्यांस खबर नसे, आणि पत्नीस न कळवता तिचे सारे जग मोडून टाकण्याइतके ते आपल्या सत्यात गढलेले होते. लक्ष्मीबाई हे सर्व सांगतात. क्षमा केली असे मात्र त्या कोठे म्हणत नाहीत. ते वाक्य लिहिले असते तर पुस्तक बिघडले असते.

आता ग्रंथातील मर्मस्थळाकडे येऊ. वाचकाची अपेक्षा अशी की बाप्तिस्म्याचा प्रसंग हा कळस असेल. प्रत्यक्षात त्यास जागा थोडी मिळाली आहे. मनाचा पालट त्यापूर्वीच झालेला आहे, आणि तो झाला आहे पाण्यापाशी. अहमदनगरास पतीकडे आल्यावरही लक्ष्मीबाई आपले पाणी वेगळे भरीत, आपली चूल वेगळी मांडीत. पती ख्रिस्ती, मुलगा दोहोंच्या मध्ये, आणि त्या एकाच छपराखाली आपले ब्राह्मण्य राखून आहेत, असा तो विलक्षण संसार. मग एकदा विचार करता करता त्यांच्या ध्यानात येते की ही जातीपातींची उतरंड देवाने रचलेली नाही, मनुष्याने रचलेली आहे. आणि त्या ठरवतात की यापुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे. दृष्टान्त नाही, आकाशवाणी नाही, अश्रूंचा पूर नाही. घरातल्या बाईने घरातला एक निर्णय घ्यावा तसा तो घेतलेला आहे. येशूच्या ईश्वरत्वाचा प्रश्न तेथे निघतही नाही.

हा प्रसंग दोनदा वाचावा, आणि दुसऱ्यांदा जलालपूरच्या वडिलांस मनात ठेवून वाचावा. ज्या घरात पाणी हे भीतीचे औषध होते त्या घरची मुलगी परक्याच्या हातचे पाणी तोंडास लावते, तेव्हा तिने मत बदलले एवढेच होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे एक भय तिच्या अंगावरून उतरते. ग्रंथात यापुढे जी मोकळीक येते ती सिद्धान्ताची नसून स्नायूंची आहे. दार उघडे पडते. दुष्काळातली आणि अनाथ अशी किती मुले त्या घरात आली आणि राहिली याची गणती वाचकास ठेवता येत नाही. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई रोग्यांच्या उशापायथ्याशी बसतात. अहमदनगरास बालकवी ठोमरे येऊन राहतो आणि घरचाच होतो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानावा असे शिकवले होते त्यांची मुले पंक्तीस बसलेली आहेत, आणि बाई कोणास काय वाढले, कोणी काय सांडले, हे सांगत आहेत. ‘आनंद’ हा शब्द या पानांत शोधून काढावा लागेल. पण जो वाचक ही पाने वाचून उठतो त्याच्या मनावर दुसऱ्या कोणत्या शब्दाचा ठसा उमटत असेल असे वाटत नाही.

(जाता जाता नाशिककरांसाठी एक नोंद. गावाच्या एका बाजूस गोदावरीकाठचे जलालपूर. दुसरीकडे शरणपूर, जेथे चर्च मिशनरी सोसायटीने गेल्या शतकाआधीच्या शतकात ख्रिस्ती वसाहत वसवली. आफ्रिकेतील गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुले तेथील शाळेत शिकली, आणि त्यांतील जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन १८७४ साली थेट लंडनपर्यंत गेला. आमच्या पिढीतील पुष्कळांस शरणपूर हे एका रस्त्याचे नाव म्हणूनच माहीत आहे. जलालपूर आणि शरणपूर यांत काही मैलांचेच अंतर आहे. लक्ष्मीबाईंच्या जन्मापासून बाप्तिस्म्यापर्यंत बत्तीस वर्षे गेली. मधल्या प्रवासाचा नकाशा ‘स्मृतिचित्रां’हून नेमका दुसऱ्या कोठे काढलेला नाही.)

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल : ही बाई जन्मतःच विनोदी होती, जलालपुरासही ती हसतच असणार, ख्रिस्ताचा यात संबंध काय? ती पंढरपुरास राहिली असती आणि विठोबाच्या पायरीशी बसून आत्मचरित्र लिहिते तरी असेच लिहिते. आक्षेप वजनदार आहे. स्वभावाचा वाटा नाकारता येणार नाही. त्याच धर्मात शिरलेली शेकडो माणसे अशी हसली नाहीत. शिवाय बालपणीचे हसू आम्हांस साठीतल्या लेखणीतूनच मिळालेले आहे, त्यामुळे मूळचे किती आणि मागाहून आलेले किती हे निवडणे कठीण. पण ग्रंथ काळजीपूर्वक वाचणाऱ्यास हसण्याच्या जातीत एक फरक दिसेल. पूर्वार्धात लक्ष्मीबाई हसतात ते आघात चुकवण्यासाठी : सासऱ्यांचा जाच, पतीचे निघून जाणे, हातातोंडाची गाठ न पडणे, या सर्वांवर विनोद ही ढाल आहे. उत्तरार्धात ढालीचे प्रयोजन उरत नाही. तेथे त्या स्वतःवर हसतात. आपल्या अज्ञानावर, आपल्या शिल्लक राहिलेल्या सोवळ्यावर, नवख्रिस्ती म्हणून मिरवण्याच्या आपल्या धडपडीवर, आणि ख्रिस्ती मंडळीतल्या गोऱ्या-काळ्यांच्या तऱ्हांवरही. भयाने हसणारा मनुष्य स्वतःला सोडून हसतो. हा फरक स्वभावाने पडत नाही. तो आयुष्यात काही घडल्याने पडतो. काय घडले याचे लक्ष्मीबाईंचे स्वतःचे उत्तर ख्रिस्त हे आहे. ते उत्तर आपण स्वीकारावे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. घडले हे मात्र ग्रंथ सिद्ध करतो.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे आणि त्याचे समाधान आम्हांस पुरतेपणी करता येत नाही. टिळकांना जो आनंद लाभला त्याची किंमत पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी भरली. एका मनुष्याच्या मुक्तीसाठी दुसऱ्याने, आणि तेही न विचारता, अनाथ व्हावे यात न्याय कोणता? ‘अभंगांजली’ या प्रश्नास तोंड देत नाही. ती देऊ शकणारही नाही, कारण अभंगात फक्त दास आणि माउली असतात, दासाची बायको नसते. हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी पत्नीच्या ग्रंथावर पडली, आणि तिने तो विचारला आहे. रडगाण्याच्या सुरात नव्हे. पण त्या वर्षांचे वर्णन वाचताना ज्याला पतीविषयी राग येत नाही त्याने पुस्तक नीट वाचले नाही असे आम्ही म्हणू. लक्ष्मीबाईंनी स्वतः तो राग गिळला नव्हता, पुसलाही नव्हता. त्यांनी त्यास प्रेमाशेजारी बसू दिले. सनातन्यांनी या ग्रंथाचा उपयोग टिळकांवरील आरोपपत्र म्हणून केला असता तर करता आला असता. मिशनऱ्यांनी प्रशस्तिपत्र म्हणून केला असता तरी करता आला असता. दोघांस तो पुरता सोयीचा ठरू नये, हे त्याच्या खरेपणाचे लक्षण आहे.

टिकाऊपणाविषयी बोलावयाचे तर काळाची कसोटी लावली पाहिजे. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यास पत्करला, ‘देवाचा दरबार’ उभारला. संन्याशाच्या पत्नीच्या वाट्यास पुन्हा एकदा अनिश्चितता आली. १९१८ साली बालकवी आगगाडीखाली गेला. पुढच्याच वर्षी टिळक गेले. ज्याच्या हाताला धरून ती नव्या धर्मात आली तो हात सुटल्यावर पुष्कळांची श्रद्धा सुकते किंवा निदान कडू होते. लक्ष्मीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या. ख्रिस्ती कीर्तने केली. पतीने आरंभून टाकलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन त्याचे साठाहून अधिक अध्याय रचले, आणि ते त्यांच्या पश्चात १९३८ साली बाहेर पडले. या काव्याविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीपाशी अक्षरे गिरवलेल्या स्त्रीने एवढी ओवीरचना करावी हे नवल खरेच, आणि फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर त्या वाटेने गेलेला एवढा मोठा प्रयत्न मराठीत दुसरा सहसा आढळत नाही. पण पुराणाच्या आसनावर बसल्या की लक्ष्मीबाई गंभीर होतात, विषयाच्या पावित्र्यास जपतात, आणि ज्या मोकळेपणाने त्यांनी आपल्या बापास व नवऱ्यास रंगवले तो मोकळेपणा येशूच्या शिष्यांच्या वाट्यास क्वचितच येतो. पीटरच्या भोळसट घाईवर त्या एकदा मनापासून हसत्या तर! तो पतीविषयीचा ऋणानुबंध होता, आणि ऋण फेडताना माणूस सहसा हसत नाही.

त्याच वर्षांत त्यांनी गद्यात मात्र बोलावे तसे लिहिले. मुलगा देवदत्त यांनी त्यांस लिहिण्यास प्रवृत्त केले, आणि पुढे त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्यांनी सांभाळलेले हे पुस्तक आहे. १९५० साली जोसेफिन इंक्स्टर यांनी त्याचे इंग्रजी केले, आणि २०१७ साली शांता गोखले यांचा नवा अनुवाद आला. परभाषेत त्या विनोदाचा गाभा पोहोचतो. पण जलालपूरच्या बोलीतला ठसका, सासुरवाशिणीने पदराआडून मारावा तसा तो शेरा, तेवढा काठावर राहतो.

या दोन ग्रंथांचा परिचय नव्याने करून घेणाऱ्या वाचकांस एक सुचवावेसे वाटते. बहुतेक लोक आधी कवी आणि मग कवीची पत्नी या क्रमाने जातात. तो क्रम उलटा करावा. ‘स्मृतिचित्रे’ आधी वाचावीत, चारही भाग, घाई न करता. आणि मग ‘अभंगांजली’ उघडावी. आम्ही स्वतः हा प्रयोग गेल्या पावसाळ्यात करून पाहिला. ज्या अभंगांनी पूर्वी शीण आणला होता त्यांतील कित्येक आता तसे वाटले नाहीत. माउलीला हाक मारणारा तो दास आता ओळखीचा झाला होता : आई लवकर गेलेला मुलगा, कल्याणहून नाशिकची वाट धरलेला, हातचे पैसे कोणास तरी देऊन रित्या हाताने घरी परतणारा, आणि आत चुलीपाशी त्याची वाट पाहत, काय बोलावे याची मनात जुळवाजुळव करीत बसलेली त्याची बायको. अभंगात ती नाही. पण आता तिच्या बांगड्या पलीकडच्या खोलीत वाजताना ऐकू येतात, आणि काही अभंग तर तिच्या कानावर पडावेत म्हणूनच मोठ्याने म्हटले असावेत अशी शंका येते.